गच्चीवरचं तीन किलोवॉट सोलर : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

आमचं घर बार्शीत, एकमजली, वर सपाट गच्ची. घरात पाच माणसं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजनेतून सोलर बसवलं. ५४० वॉटची सहा पॅनेल, म्हणजे ३.२४ किलोवॉट, आणि ३ किलोवॉटचा ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या विजेच्या लाइनला जोडलेला, इन्व्हर्टर. बॅटरी घेतली नाही. उंच स्ट्रक्चर (पॅनेल ज्यावर बसतात तो सांगाडा) धरून एकूण २ लाख १० हजार रुपये लागले, त्यातले ७८ हजार अनुदानाचे नंतर खात्यावर आले. तीन किलोवॉट आणि त्यापुढे कितीही मोठं बसवलं तरी अनुदान तेवढंच मिळतं. आता बसवणाऱ्यांना थोडं स्वस्त पडेल, कारण सप्टेंबर २०२५ मध्ये सोलर सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला.

सोलर घ्यावं का, हे सांगायला मी लिहीत नाहीये. घ्यावंच, असं माझं मत आहे. आधी आमचं बिल तीन-साडेतीन हजार यायचं आणि मे महिन्यात साडेपाच हजारांच्या पुढे जायचं. आता बहुतेक महिने दीडशे-दोनशे रुपये येतं. स्थिर आकार भरावाच लागतो, 'शून्य बिल' हा शब्द अक्षरशः घेऊ नका. मला सांगायचंय ते बसवल्यानंतरचं. या चौदा महिन्यांत हातची गेलेली जी युनिटं मला टाळता आली असती, ती ढगांमुळे गेली नव्हती. गच्चीवर किंवा लाइनवर दुरुस्त करता येतील अशा गोष्टींमुळे गेली होती, आणि ती पकडली कॅलेंडरवरच्या आकड्यांनी.

हे आकडे सासूबाई लिहितात. भिंतीवरच्या कॅलेंडरात ज्या चौकोनात दुधाचा हिशेब असतो, त्यातच खाली त्या दिवसाची युनिटं. संध्याकाळी दिवा लावला की इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवर 'आजचे' दाखवतो तो आकडा बघायचा आणि टिपायचा. मोबाइलमध्ये ॲप आहेच, पण घरातल्या वायफायचा पासवर्ड बदलला तेव्हा अकरा दिवसांची नोंद ॲपमध्ये आलीच नाही. कॅलेंडरवर ती होती.

पहिल्याच डिसेंबरमध्ये त्या म्हणाल्या, "अगं, ऊन तर रोजच्यासारखंच आहे, मग हे साडेदहाच का?" हिवाळ्यात कमीच येणार, दिवस लहान असतो, असं मी सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हरभऱ्याच्या पेंढीतले घाटे सोलायला त्या कोवळ्या उन्हात गच्चीवर जाऊन बसल्या आणि दहाच्या सुमारास मला हाक मारली. पाण्याच्या टाकीची सावली पूर्वेकडच्या दोन पॅनेलच्या खालच्या भागावर पडली होती. सावली अगदी हातभर रुंद. ॲपमधला आलेख उघडला तर नऊ ते साडेदहामध्ये खड्डा दिसत होता, रोज त्याच जागी.

यामागचं कारण समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. सहाही पॅनेल एकाच माळेत जोडलेली असतात, माळेतल्या दिव्यांसारखी. एका पॅनेलमधल्या थोड्या सेलवर सावली आली तरी त्या भागातून प्रवाह अडतो. प्रत्येक पॅनेलमध्ये बायपास डायोड असतात, ते अडलेला भाग बाजूला टाकून बाकीच्यांना वाट करून देतात, पण तो संपूर्ण भाग त्या वेळेपुरता कामातून जातो. त्यामुळे सावली हातभर असली तरी तोटा हातभर नसतो. बसवणाऱ्यांनी पाहणी केली होती ऑक्टोबरमध्ये, भर दुपारी. तेव्हा टाकीची सावली टाकीपाशीच होती. २१-२२ डिसेंबरला आमच्याकडे सूर्य भर दुपारीसुद्धा ४८ अंशांच्या वर चढत नाही, मीटरभर उंच वस्तूची सावली बाराला जवळजवळ मीटरभर पडते आणि सकाळी त्याहून कितीतरी लांब. म्हणून ज्यांचं अजून बसवायचं आहे त्यांनी एवढं करा : शक्य असेल तर डिसेंबर-जानेवारीत सकाळी नऊला आणि दुपारी चारला गच्चीवर जाऊन सावल्यांच्या कडेला खडूने रेघ मारून ठेवा. पाहणीला येणाऱ्याला त्या रेघा दाखवा. आम्ही प्लंबर बोलावून टाकी गच्चीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात नेली, पाइपसकट बावीसशे रुपये लागले. नंतरच्या निरभ्र दिवसांत आकडा साडेअकराच्या वर राहिला.

दुसरं प्रकरण धुळीचं. बार्शीला फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची मळणी सुरू असते आणि आमच्या घरामागे शेतंच आहेत. बारीक भुसा आणि माती उडून काचेवर बसते, वर पहाटेचं दव पडतं आणि त्याचा पापुद्रा धरतो. खालून बघितलं तर पॅनेल निळीकाळी चकचकीत दिसतात, बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. पहिल्या वर्षी मी आपली बोअरचं पाणी पाइपने मारून मोकळी झाले. वाळल्यावर काचेवर पांढरे ठिपके. आमच्या बोअरचं पाणी एवढं जड आहे की गिझरची कॉइल दोन वर्षं टिकत नाही, तोच क्षार काचेवर. तो घालवायला व्हिनेगर घातलेलं पाणी आणि मऊ कापड घेऊन दोन सकाळी गेल्या. तेव्हापासून फक्त नळाचं पाणी वापरते, आणि धुतल्यावर रबरी पट्टीच्या वायपरने निथळून घेते. साबणाची पावडर नाही, घासणी नाही. वेळ सकाळी साडेसहाची, सूर्य वर यायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकू शकते. पॅनेलवर पाय तर कधीच देऊ नये, वरून काही दिसलं नाही तरी आतल्या सेलना बारीक तडे जातात.

फरक किती पडतो? गेल्या मार्चमध्ये मुद्दाम मोजलं. तीन आठवडे हात लावला नाही, शेवटचे दोन दिवस ११.९ आणि १२.१. धुतल्यावर दुसऱ्या दिवशी, तसंच ऊन असताना, १३.६. रोज दीड युनिट निव्वळ मातीखाली गाडलं जात होतं. आता मळणीच्या दिवसांत दर आठ-दहा दिवसांनी आणि एरवी महिन्यातून दोनदा धुते. पावसाळ्यात पाऊसच धुतो, मात्र पक्ष्यांची विष्ठा पावसाने जात नाही, ती ओल्या कापडाने भिजवून काढावी लागते. आणि एक कळकळीने सांगते : पॅनेलखालच्या तारांना, जोडांना धुताना हात लावू नका, लहान मुलांना तिथे खेळू देऊ नका. सहा पॅनेल मिळून अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी होतात आणि घरातला मेन स्विच बंद केला तरी ऊन आहे तोवर त्या तारांत दाब असतोच.

उंच स्ट्रक्चरचा निर्णय वाळवणामुळे घेतला. पापड, कुरडया, सांडगे यांना गच्ची लागते, म्हणून पुढची बाजू सात फूट उचलून घेतली. खाली वावरता येतं हे खरं, पण धुवायला लांब दांड्याचा वायपर आणि शिडी लागते, आणि वाळवण शेवटी उरलेल्या मोकळ्या भागातच घालावं लागतं, कारण पॅनेलखाली ऊनच नाही. आज पुन्हा बसवायचं झालं तर मी तीन-साडेतीन फुटांवरच ठेवेन.

आता सगळ्यात जास्त त्रास दिलेली गोष्ट. मार्च महिन्यात, अगदी कडक उन्हात, साडेअकरा ते दोनच्या दरम्यान इन्व्हर्टरचा लाल दिवा लागायला लागला. दहा मिनिटं चालू, पाच मिनिटं बंद. डिस्प्लेवर ग्रिड ओव्हर व्होल्टेज, म्हणजे लाइनचा दाब जास्त, आणि आकडा २६२ व्होल्ट. ज्यांच्याकडून बसवलं ते म्हणाले लाइनचा दोष. वीज कार्यालयात गेले तर तिथले म्हणाले तुमच्या इन्व्हर्टरचा दोष. पंधरा दिवस असे गेले आणि कॅलेंडरवर तेराच्या जागी नऊ, साडेनऊ दिसायला लागलं.

होतं काय, ते मला नंतर एका वायरमनने नीट समजावलं. आपण वीज लाइनमध्ये ढकलतो तेव्हा ढकलणाऱ्या टोकाला व्होल्टेज चढतं. आमचं घर डीपीपासून (भागाला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून) शेवटचं, त्यात गल्लीत आणखी चार घरांवर सोलर आलेलं, आणि दुपारी कुणाच्याच घरात फारसा लोड नाही. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, तो त्याचं काम बरोबरच करत असतो. मी मग वेळेसकट डिस्प्लेचे फोटो काढून ठेवले, सात दिवसांचे, आणि ते अर्जाला जोडून दिले. तिसऱ्या फेरीत माणूस आला. डीपीवर व्होल्टेज कमी-जास्त करायचा टॅप एक पायरी खाली केला आणि खांबावरचा आमचा जोड उघडला, तो जळून काळा पडलेला होता. शिवाय इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंत वीस मीटर वायर अडीच स्क्वेअर एमएमची टाकली होती, ती आम्ही आमच्या खर्चाने सहाची करून घेतली. दुपारचं व्होल्टेज २४४-२४६ वर आलं आणि लाल दिवा थांबला. तुमच्याकडे असं होत असेल तर तोंडी तक्रारीत दिवस घालवू नका, फोटो आणि लेखी अर्ज द्या. वायरची जाडी मात्र पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

दुपारी वॉशिंग मशीन लावा, मोटार चालवा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. आमच्यासारखं नेट मीटरिंग असेल तर दुपारी बाहेर दिलेलं एक युनिट रात्री एक युनिट म्हणूनच वळतं होतं, त्यामुळे बिलात फरक पडत नाही. व्होल्टेज चढत होतं त्या दिवसांत मात्र दुपारी मोटार आणि मशीन चालवल्याने इन्व्हर्टर कमी वेळा बंद पडला, तेवढा उपयोग नक्की झाला. आणि हे नवीन लोकांना माहीत नसतं म्हणून लिहिते : लाइट गेली की ऑन-ग्रिड सोलरही बंद होतं. खांबावर काम करणाऱ्याला आपल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. भर उन्हात पंखा बंद, हे पहिल्यांदा पचायला जड जातं.

बिलाच्या बाबतीत माझी खरी चूक ३१ मार्चची. आर्थिक वर्ष संपलं की शिल्लक युनिटांचा हिशेब बंद होतो, उरलेली युनिटं आपण घेतो त्या दरापेक्षा फारच कमी दराने जमा होतात आणि १ एप्रिलला पाटी कोरी. डिसेंबर ते मार्च आमचा वापर कमी, निर्मिती भरपूर, त्यामुळे ४३७ युनिटं शिल्लक होती. मी ती उन्हाळ्यासाठी साठवलीत अशा समजुतीत होते, कूलर आणि एसीला पुरतील म्हणून. एप्रिलपासून मोजणी पुन्हा शून्यापासून. त्यात २०२५ चा मे कसा गेला ते आठवत असेल, २० तारखेनंतर पाऊसच, मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला. आमची मेची निर्मिती ३५२ वर अडकली आणि त्या महिन्यात बिल भरावं लागलं.

यंदा शहाणपण आलंय. डिसेंबरपासून दुपारचा स्वयंपाक इंडक्शनवर आणि अंघोळीचं पाणी गिझरवर. पाच माणसांच्या घरात महिनाभर जाणारा सिलिंडर आता पन्नास दिवसांच्या जवळ पोचतोय. भाकरी मात्र गॅसवरच, ती तव्यावरून उतरवून विस्तवावर फुगवायला ज्योत हवी. चार-पाच किलोवॉट बसवायचा विचार असेल तर आधी वर्षभराच्या बिलांची बेरीज करा. वर्षाच्या वापरापेक्षा जास्त बसवलं तर जास्तीची युनिटं मार्चअखेर मातीमोलच जाणार.

२०२५ या पूर्ण वर्षात ४,१२० युनिटं झाली. लाल दिव्याने खाल्लेले दिवस धरूनही. एप्रिल-मेचं ऊन जास्त, तरी आकडा त्या मानाने वाढत नाही, कारण पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको. भर दुपारी ती साठ अंशांच्या पुढे तापतात आणि दर अंशामागे थोडी थोडी ताकद कमी होते. शिवाय १२-१३ मेच्या सुमारास सूर्य आमच्या अगदी डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारी उत्तरेकडे असतो, दक्षिणेकडे कललेल्या पॅनेलला तो तिरका पडतो. सर्वांत वाईट महिना सप्टेंबर, २६२. सीना नदीला पूर आला तो महिना. तेव्हा आजूबाजूच्या गावांत लोकांची घरं पाण्यात होती, कॅलेंडरवरच्या त्या आकड्यांकडे आमचं लक्षही नव्हतं.

या जानेवारीत पुन्हा एक खड्डा दिसायला लागलाय, दुपारी साडेतीननंतर. नैर्ऋत्येला शेजारच्या काकूंचा शेवगा आहे, वर्षात सहा-सात फूट वाढला. त्यांच्याकडे गेले, आलेख दाखवला. झाड फुलोऱ्यावर आहे. शेंगा उतरल्या की एप्रिलमध्ये वरचा शेंडा छाटायचा असं ठरलंय, तोपर्यंत रोजचं अर्धं युनिट जाईल. शेंगा निम्म्या आमच्याकडे येणार आहेत.