रिसेप्टर, पालक की ई. कोलाय? पीएचडीआधी करायची एक तुलना

एमएस्सीचं शेवटचं सेमिस्टर संपत आलं की ओळखीतली दोन-चार मुलं हमखास विचारतात: मेंदूच्या रिसेप्टरवर काम करू, प्रकाशसंश्लेषणावर करू, की जिवाणूंच्या श्वसनावर? तिन्हीकडे थोडाफार हात मारलेला असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येत असावा. एमएस्सीच्या उन्हाळ्यात मी पालकाच्या क्लोरोप्लास्टवर काम केलं. पुढे दीड वर्ष प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून एनएमडीए या मेंदूतल्या रिसेप्टरवर होतो. पीएचडी केली ती ई. कोलाय या जिवाणूच्या श्वसनसाखळीतल्या सायटोक्रोमवर, म्हणजे इलेक्ट्रॉन पुढे देणाऱ्या रंगीत प्रथिनांवर. त्यामुळे पुढे जे लिहितोय तो माझा अनुभव आहे, कोणी काटेकोर मोजलेलं नाही. तुमचा अनुभव वेगळा निघू शकेल.

रिसेप्टर म्हणजे बाहेरचा रासायनिक संदेश ओळखणारं पेशीच्या पटलातलं प्रथिन, आणि प्रकाशप्रणाली म्हणजे उजेड पकडून इलेक्ट्रॉन हलवणारा प्रथिनांचा संच, एवढं धरून चालू. एकच गोष्ट आधी बोलू. विषय तीन दिसले तरी रोजचं काम जवळजवळ एकच आहे. तिन्ही ठिकाणी प्रथिन मेदाच्या पटलात रुतलेलं असतं, ते डिटर्जंटने बाहेर काढायचं असतं आणि काढताना मरू द्यायचं नसतं. मग निकाल लागायला एवढा फरक का पडतो? जांभळ्या जिवाणूच्या प्रकाशकेंद्राची, म्हणजे त्याच्या उजेड वापरणाऱ्या प्रथिनाची, रचना १९८५ साली प्रसिद्ध झाली, आणि तिच्यासाठी डायझेनहोफर, हूबर आणि मिशेल यांना १९८८चं नोबेल मिळालं. अख्ख्या एनएमडीए रिसेप्टरची रचना हाती यायला २०१४ उजाडलं. मधली एकोणतीस वर्षं मेंदूवाले स्वस्थ बसले नव्हते. प्रकाशकेंद्र पटलात भरपूर असतं, बऱ्यापैकी टणक असतं आणि ते रंगीत असतं. यातला रंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

रिसेप्टरपासून सुरुवात करतो, कारण ओढा तिकडेच जास्त असतो. माझाही होता, आणि तो चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. नेहर आणि साकमन यांनी १९७६ साली काचेच्या बारीक नळीच्या टोकाशी एकाच वाहिनीतून, म्हणजे पटलातल्या आयन जाऊ देणाऱ्या प्रथिनातून, जाणारा प्रवाह मोजून दाखवला. तो प्रवाह पिकोअँपिअरमध्ये मोजायचा असतो. ती रेषा पडद्यावर पहिल्यांदा बघितली तेव्हा मी हललो होतो. एकच रेणू उघडतोय, मिटतोय, पुन्हा उघडतोय, आणि ते आपल्या डोळ्यांसमोर चाललंय. एनएमडीए रिसेप्टरही अशीच एक वाहिनी आहे, आणि त्याची वागणूक विलक्षण आहे. त्याला उघडायला ग्लुटामेट आणि ग्लायसीन हे दोन्ही रेणू लागतात. ते मिळाले तरी मॅग्नेशियमचा आयन तोंडाशी बूच होऊन बसलेला असतो, आणि पेशीचा विद्युतदाब बदलल्याशिवाय तो हटत नाही. स्मरणाच्या अभ्यासात हा रेणू इतका मध्यवर्ती का झाला, ते या एका बुचावरून समजतं.

पण माझं काम पॅच क्लॅम्पचं, म्हणजे त्या काचेच्या नळीने प्रवाह मोजण्याचं, नव्हतं. मला तो रिसेप्टर पेशीतून काढून शुद्ध करायचा होता. आठवडा असा जायचा. सोमवारी एचईके पेशी (लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी पेशी) लावायच्या, मंगळवारी त्यांत रिसेप्टरचा डीएनए घालायचा. मग दोन दिवस थांबायचं, तेही माध्यमात रिसेप्टरचा अवरोधक घालून. माध्यमात ग्लुटामेट असतंच. रिसेप्टर तयार झाला की उघडतो, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी मरतात. ज्या पेशीत तो चांगला बनलाय तीच आधी मरते. गुरुवारी अवरोधक धुऊन काढायचा, पेशी फोडायच्या, अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये पटल खाली बसवायचं, डिटर्जंट घालायचं. शुक्रवारी ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) लावलेलं एमके-८०१ घालून रात्रभर ठेवायचं. हा रेणू वाहिनी उघडी असेल तेव्हाच आत जाऊन चिकटतो, म्हणून तो चिकटला तर वाहिनी जिवंत. शनिवारी फिल्टर करून किरणोत्सार मोजणाऱ्या काउंटरवर ठेवायचं.

आणि शनिवारी संध्याकाळी आकडा यायचा पार्श्वभूमीइतकाच, म्हणजे शून्यच.

मला ज्याने बाहेर काढलं ते हे. प्रयोग फसण्याचं दुःख नाही, प्रयोग सगळीकडेच फसतात. पण सोमवार ते शनिवार माझ्या हातातली नळी एकसारखीच दिसायची, पारदर्शक, किंचित धुरकट. रिसेप्टर आत आहे की नाही, आहे तर जिवंत आहे की नाही, हे कुठल्याच टप्प्यावर दिसत नव्हतं. मंगळवारी डीएनए पेशीत गेलाच नाही? अवरोधक नीट धुतला गेला नाही? डिटर्जंटमध्ये चार तुकडे सुटे झाले? प्रत्येक शंकेला एक आठवडा. एकदा सलग सात आठवडे शून्य येत राहिलं. आम्ही प्लास्मिड (रिसेप्टरचा जीन वाहणारं डीएनएचं वर्तुळ) पुन्हा बनवलं, डिटर्जंटची नवी बाटली काढली, फिल्टर बदलले. शेवटी एका सिनिअरने पेशींना डीएनएचा रंग देऊन बघितलं, तर केंद्रकाच्या बाहेर सगळीकडे बारीक ठिपके होते. मायकोप्लाझ्मा हा जिवाणू. त्याला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिन त्याला काही करत नाही, आणि साध्या सूक्ष्मदर्शकात तो दिसत नाही. सात आठवडे आम्ही आजारी पेशींना प्रश्न विचारत होतो.

यावर कोणी म्हणेल, रिसेप्टरला जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडा, मग दिसेल. जोडला होता. ते तंत्र उत्तम आहे. शुद्धीकरणाच्या स्तंभातून रिसेप्टर अखंड बाहेर येतोय की गोळा होऊन, ते त्यावरून चांगलं कळतं. पण चमकतो तो जीएफपी. रिसेप्टरला ग्लुटामेट ओळखता येतंय का, हे तो सांगत नाही. त्यासाठी पुन्हा शनिवारपर्यंत थांबायचं.

प्रकाशसंश्लेषणात हा त्रास नाही. हिल यांनी १९३७ साली वेगळ्या काढलेल्या क्लोरोप्लास्टकडून ऑक्सिजन काढून दाखवला, आणि तोच प्रयोग आपण बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला डीसीपीआयपी या, इलेक्ट्रॉन मिळाले की रंग जाणाऱ्या, निळ्या रंगद्रव्यावर करतो. उजेड दिला, निळा रंग गेला, प्रकाशप्रणाली जिवंत आहे. उत्तर मिनिटांत. त्याहून सुंदर प्रयोग जोलियो आणि कोक यांचा. क्लोरोप्लास्ट अंधारात ठेवायचे आणि मग प्रकाशाचे एकेक क्षणिक झोत द्यायचे. ऑक्सिजन पहिल्या झोताला जवळजवळ येतच नाही, तिसऱ्याला सर्वाधिक येतो, आणि मग दर चौथ्या झोताला चढ दिसतो. पाणी फोडून ऑक्सिजन काढणारा मँगनीजचा गट एकेक इलेक्ट्रॉन मोजून देतोय, हे एवढ्याशा आलेखात दिसतं. २०११ साली जपानी संशोधकांनी हा गट जिच्यात असतो त्या प्रकाशप्रणाली दोनची रचना १.९ अँगस्ट्रॉमपर्यंत नेली, तेव्हा त्या गटातले चार मँगनीज, एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन प्रत्यक्ष दिसले. मोजणी आधी झाली होती, मोजणारा नंतर दिसला.

मग मी तिथेच का राहिलो नाही? दोन कारणं, दोन्ही घरगुती. एक, ज्या उजेडाने ते चालतं त्याच उजेडाने ते बिघडतं. तीव्र प्रकाशात प्रकाशप्रणाली दोनमधलं डी-१ प्रथिन सारखं मोडतं, आणि पानात ते सारखं नव्याने बनत असतं. पण नळीत बनवणारं कोणी नसतं. म्हणून सगळं काम थंड खोलीत, मंद हिरव्या दिव्यात. चार-चार तास. काहींना ती शांतता आवडते. मला डोकेदुखी व्हायची.

दुसरं कारण पालक. पद्धत लिहिलेली असते स्पिनॅशिया ओलेरेशिया या पालकासाठी. आपल्याकडे मंडईत पालक म्हणून जी जुडी मिळते ती बहुधा बीटच्या कुळातली, बीटा व्हल्गॅरिस. दोन्ही दूरचे भाऊबंद, पण बफर, डिटर्जंटचं प्रमाण, किती वेळ ढवळायचं, सगळं थोडं थोडं हलवून घ्यावं लागतं. त्यात मे महिना. सकाळी सहाला आणलेली जुडी आणि नऊला आणलेली जुडी यांच्या ऑक्सिजनच्या आकड्यांत माझ्या वहीत स्पष्ट फरक दिसायचा. प्रयोग बिघडला तर मी की भाजीवाल्याची जुडी, हे ठरवता येत नव्हतं. सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू, वाढवले तर हा प्रश्न सुटतो, पण ते सावकाश वाढतात. जिथे त्यांची व्यवस्था आधीपासून बसलेली आहे अशी लॅब मिळत असेल तर माझा हा आक्षेप बाद समजा.

आता जिवाणूंचं श्वसन. याबद्दल लोकांचा पहिला प्रश्न असतो, हे सगळं साठ सालीच झालं ना? मिचेल यांनी रसायन-परासरणाचा सिद्धांत (श्वसनातून पटलापलीकडे प्रोटॉन साठतात आणि ते परत येताना पेशीचं इंधन एटीपी बनतं) १९६१ला मांडला, १९७८ला नोबेल मिळालं, पाठ्यपुस्तकात आकृती आली. आता उरलं काय? मीही तसंच समजत होतो.

ऑक्सिडेज टेस्ट, म्हणजे जिवाणू ओळखायची साधी रंगचाचणी, आठवा. सूडोमोनासची वसाहत लावली की चकती जांभळी, ई. कोलायची लावली की काही नाही. आपण वहीत 'निगेटिव्ह' लिहून पुढे जातो. ई. कोलाय ऑक्सिजनवर श्वसन करतो, मग निगेटिव्ह का? कारण ही टेस्ट शोधते ते सायटोक्रोम सी ऑक्सिडेजच त्याच्याकडे नाही. तो क्विनॉल या पटलातल्या छोट्या रेणूकडून थेट इलेक्ट्रॉन घेतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे मुख्यतः दोन यंत्रं आहेत. ऑक्सिजन भरपूर असला की सायटोक्रोम बीओ, जो प्रोटॉन पंप करतो. ऑक्सिजन कमी पडला की सायटोक्रोम बीडी, जो पंप करत नाही पण ऑक्सिजनचा शेवटचा कणही सोडत नाही. या दुसऱ्याची ई. कोलायमधली रचना २०१९ साली आली. म्हणजे साठ साली सगळं झालं नव्हतं.

लॅबमधला माझा पहिलाच आठवडा सांगतो. रात्री कल्चर शेकरवर लावलं, सकाळी पेशी फोडल्या, दुपारपर्यंत पटल हातात. पेलेटला लालसर तपकिरी झाक होती, ती बघूनच जरा धीर आला. क्युव्हेटमध्ये घेऊन चिमूटभर डायथायोनाइट (इलेक्ट्रॉन देणारं रसायन) टाकलं आणि वर्णपट काढला. ५६० नॅनोमीटरच्या आसपास एक शिखर, ६३०च्या आसपास दुसरं. पहिलं हीम बीचं, दुसरं हीम डीचं; हीम म्हणजे सायटोक्रोमला रंग देणारा लोहयुक्त रेणू. पाच मिनिटांत कळलं की प्रथिन आहे, किती आहे आणि इलेक्ट्रॉन घेतंय. लगेच ऑक्सिजन इलेक्ट्रोडमध्ये पटल घालून इलेक्ट्रॉन पुरवणारं एनएडीएच टाकलं, ऑक्सिजनची रेषा खाली उतरू लागली. थोडं सायनाइड घातलं, उतार कमी झाला पण थांबला नाही, कारण बीडीला सायनाइड सहज रोखत नाही. एका दुपारी चार प्रश्न, चार उत्तरं. दीड वर्ष शनिवारची वाट बघितलेल्या माणसाला त्या दुपारी काय वाटलं असेल ते समजून घ्या.

आणि ही सोय आजची नाही. केलिन यांनी १९२५ साली वर्णपटदर्शकातून यीस्टकडे बघितलं. ऑक्सिजन मिळाला की काळे पट्टे जात, तुटला की परत येत. जिवंत पेशीतलं श्वसन त्यांनी नुसत्या डोळ्याने पाहिलं होतं. हीमची ती मेहरबानी आपल्यालाही मिळते.

त्रास इथेही आहेत. डायथायोनाइट शिळं झालं की दिवस वाया जातो. डिटर्जंटबरोबर क्विनोन (क्विनॉलचंच इलेक्ट्रॉन दिलेलं रूप) निघून जातो आणि मग ऑक्सिडेजचा वेग का पडला हे शोधत बसावं लागतं. दोन्ही ऑक्सिडेज एकाच पटलात असतात, म्हणून एकेकाचा जीन काढलेले वाण आधी बनवावे लागतात. पण वाण बिघडला तर दुसऱ्या दिवशी कळतं, आणि फ्रीजरमधून नवा काढला की त्याच्या पुढच्या दिवशी काम सुरू.

'औषधांशी संबंध रिसेप्टरचाच' असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. औषधाला न जुमानणाऱ्या क्षयासाठी बेडाक्विलिन अमेरिकेत २०१२च्या डिसेंबरात मंजूर झालं. ते क्षयाच्या जिवाणूच्या, एटीपी बनवणाऱ्या एटीपी सिंथेजला अडवतं, म्हणजे श्वसनसाखळीच्या शेवटच्या यंत्राला. या जिवाणूकडेही बीडी आहे, आणि मुख्य ऑक्सिडेजची वाट वेगळ्या औषधाने बंद केली की तो बीडीवर तग धरतो. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. म्हणून या विषयाला जुना म्हणताना मला अडखळायला होतं.

तरी रिसेप्टर कोणी घ्यावा? ज्याचा हात स्थिर आहे, ज्याला पॅच क्लॅम्पच करायचं आहे, त्याने बेलाशक घ्यावा. तिथे उत्तर मिलिसेकंदांत येतं आणि माझी सगळी तक्रार गळून पडते. गोठवलेला नमुना बघणाऱ्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे रचना काढायला प्रथिन थोडं असलं तरी भागतं, स्फटिक लागत नाहीत, हेही रिसेप्टरच्या बाजूने. माझं म्हणणं एवढंच की नळीतून शुद्ध करण्याचं काम असेल, लॅब नवी असेल आणि हाताशी पेशी सांभाळणारा अनुभवी माणूस नसेल, तर पहिली दोन वर्षं फार लांब वाटतील.

उजेड आणि श्वसन यांतच अडकला असाल तर ऱ्होडोबॅक्टर स्फेरॉइडीस हा जिवाणू बघा. हवा मिळाली की तो श्वसन करतो, हवा तोडून उजेडात ठेवला की प्रकाशसंश्लेषण, आणि दोन्हीकडे तेच सायटोक्रोम बीसी-१ वापरतो. चंबूचा रंग बदलताना दिसतो.

आणि लॅब बघायला जाल तेव्हा उपकरणं सगळे दाखवतातच. एखाद्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला त्याची वही दाखवायची विनंती करा, आणि मागच्या दोन महिन्यांची पानं चाळा. प्रयोग लावल्याची तारीख कोणती आणि आकडा लिहिल्याची तारीख कोणती, तेवढं बघून या.