मोटरहोम विंटराइझ करून घेताय? आमची कशी फसवणूक झाली ते वाचा

मिशिगन, मिनेसोटा, ओहायो, ओंटारिओ अशा थंड भागात राहणाऱ्या आणि स्वतःची मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहिते आहे. ऑक्टोबर लागला की या गाड्यांची पाण्याची लाइन थंडीसाठी तयार करावी लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरी येऊन हे काम करून देणाऱ्यांच्या जाहिराती सुरू होतात. त्यातल्या एकाने आमच्याकडून साडेतीनशे डॉलर घेतले, काम केलंच नाही, आणि केल्याचा देखावा इतका बेमालूम उभा केला की एप्रिलपर्यंत आम्हाला संशयसुद्धा आला नाही. त्याचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण कोर्टात आहे. त्याची पद्धत मात्र सविस्तर सांगते, कारण ती कुणाच्याही दारात चालेल अशी आहे.

आमची सेकंडहँड गाडी डेट्रॉइटच्या एका उपनगरात घरासमोरच उभी असते. उन्हाळ्यात ती घेऊन मॅकिनॉचा पूल ओलांडायचा आणि अपर पेनिन्सुलात पिक्चर्ड रॉक्सच्या बाजूला जाऊन राहायचं, हे आमच्या घरातलं वर्षाचं सगळ्यात मोठं सुख. हिवाळ्यात ती बंद. बंद करण्यापूर्वी तिच्या पोटातलं पाणी काढून टाकावं लागतं, कारण पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. हल्लीचे पेक्स, म्हणजे लवचिक प्लास्टिकचे पाइप थोडे ताणले जातात आणि बऱ्याचदा वाचतात. पण पंपाचं प्लास्टिकचं डोकं, नळांच्या आतल्या कार्ट्रिज, टॉयलेटचा व्हॉल्व्ह आणि पाइपांचे जोड यांना ताण सहन होत नाही, ते फुटतात. आपल्यापैकी बहुतेकजण जिथे वाढलो तिथे पाण्याच्या पाइपाला थंडीची भीती माहीतच नव्हती. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की पेपरात फोटो येतो, एवढीच आपली गोठण्याशी ओळख. हे समोरच्या माणसाला आपल्या पहिल्या दोन प्रश्नांतच कळतं.

तो आला त्या दिवशी पाऊस पडत होता. ट्रकवर मोठा कंप्रेसर, अंगात कंपनीचं जाकीट, बोलणं अगदी अदबीचं. "तुम्ही आत बसा, मी झालं की बोलावतो," म्हणाला. कंप्रेसरचा आवाज घरात ऐकू येत होता. त्याची नळी गाडीला जोडलेली होती की नाही, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. तासाभराच्या आत त्याने आम्हाला बोलावलं आणि गाडी दाखवली. स्वयंपाकाच्या सिंकमध्ये गुलाबी अँटीफ्रीझ (लाइन गोठून फुटू नये म्हणून पाण्याच्या जागी भरतात तो द्रव), बाथरूमच्या बेसिनमध्ये गुलाबी, शॉवरच्या जाळीवर गुलाबी, टॉयलेटच्या भांड्यात तर चांगलं दोन बोटं गुलाबी. पायरीजवळ एकेक गॅलनचे सहा रिकामे कॅन ओळीने मांडलेले. बिलावर सगळं वेगवेगळं लिहिलेलं होतं: टाक्या रिकाम्या केल्या, हवेने लाइन साफ केली, पाण्याचा हीटर रिकामा करून बायपास केला (म्हणजे लाइनीतून वगळला), नवी अ‍ॅनोड रॉड बसवली, सहा गॅलन अँटीफ्रीझ घातलं. रोख किंवा झेलने दिलेत तर दहा टक्के सूट. आम्ही झेलने, म्हणजे बँकेतून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायच्या सेवेने, पैसे पाठवले.

एप्रिलच्या शेवटी बाहेरचा होज जोडून पाणी सोडलं, आणि गाडीच्या खालून धारा लागल्या. आत गेलो तर पलंगाखालच्या कप्प्यातून कार्पेटवर पाणी येत होतं. नवऱ्याचा एक जुना मित्र कँटनला राहतो, त्याच्याकडे ट्रेलर आहे आणि तो ही सगळी कामं स्वतः करतो. त्याला फोन केला, तो संध्याकाळीच अवजारांची पेटी घेऊन आला.

त्याने सुरुवात केली ती हीटरपासून. गाडीच्या बाहेरच्या अंगाला हीटरचं छोटं झाकण असतं, ते उघडलं. टाकीच्या तळाशी जो मोठा बोल्ट दिसतो तो म्हणजेच अ‍ॅनोड रॉडचं डोकं. स्टीलची टाकी आतून गंजू नये म्हणून ही मॅग्नेशियमची किंवा अ‍ॅल्युमिनियमची रॉड आत ठेवलेली असते. पाणी टाकीऐवजी तिला खातं. हीटर रिकामा करायचा तर ती काढावीच लागते, दुसरा मार्ग नाही. मित्राने पाना लावला, पूर्ण जोर दिला, तरी ती हलेना. शेवटी पान्याला पाइप लावून फिरवली तेव्हा कुरकुरत सुटली. बाहेर आली ती रॉड म्हणण्यासारखी उरलीच नव्हती. मधली बारीक तार आणि तिला चिकटलेले पांढुरके, खरबरीत गोळे. आट्यांवर टेफ्लॉन टेपचा जुना, काळा पडलेला चोथा, आणि त्यावर क्षाराचा थर.

"वहिनी, हे बघा," तो म्हणाला. "नवी रॉड सरळ, गुळगुळीत, बोटाएवढी जाड असते आणि आट्यांवर पांढरी स्वच्छ टेप असते. ही काही वर्षांत कुणी काढलेलीच नाही."

रॉड काढल्यावर भोकातून पाणी आलं, तांबूस. टाकी हिवाळाभर भरलेली होती. आत टॉर्च टाकून आणि बाहेरून चाचपून पाहिलं तर शिवणीजवळ चीर गेलेली. मग त्याने पलंगाखालची फळी काढली. हीटरच्या मागे तीन व्हॉल्व्ह असतात. व्हॉल्व्हची दांडी पाइपाच्या रेषेत असली तर तो उघडा, आडवी असली तर बंद. बायपास केला असता तर हीटरला पाणी नेणारे-आणणारे दोन बंद आणि मधला उघडा दिसायला हवा होता. आमच्याकडे सगळं उलट, म्हणजे उन्हाळ्यात असतं तसंच्या तसं. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक प्लास्टिकची गाळणी असते, तिच्या वाटीला आडवा तडा. त्या वाटीत गुलाबी रंगाचा थेंबसुद्धा नव्हता. अँटीफ्रीझ लाइनीत जातं ते सहसा या पंपातूनच. त्यामुळे हे पाहिल्यावर शंकेला जागा उरली नाही. त्या माणसाने नळ उघडून लाइनीत अँटीफ्रीझ फिरवलंच नव्हतं. वरून प्रत्येक बेसिनमध्ये आणि टॉयलेटमध्ये थोडं थोडं ओतलं होतं, बस्स. ते बेसिनखालच्या वाकड्या पाइपांत, म्हणजे ट्रॅपमध्ये जाऊन बसलं, तेवढे ट्रॅप वाचले. बाकी सगळी लाइन पाण्याने भरलेली तशीच राहिली.

सहा कॅनचं कोडंही मित्राने उलगडलं. बायपास नीट केला तर आमच्याएवढ्या गाडीला दोन-तीन गॅलन पुरतात. सहा लागले म्हणजे हीटरच्या टाकीतसुद्धा अँटीफ्रीझ गेलं असं होतं, आणि मग बिलावरचा बायपास खोटा. बायपास खरा असेल तर सहा गॅलन खोटे. बिल स्वतःच स्वतःला खोटं पाडत होतं. ते कॅन तो कामवाला बहुधा रिकामेच घेऊन आला होता.

त्या कामवाल्याला फोन केल्यावर त्याने आवाज चढवला नाही. अतिशय सहानुभूतीने म्हणाला की यंदा थंडीच भयंकर पडली, अँटीफ्रीझलाही मर्यादा असते. तुम्ही जुने ग्राहक, दुरुस्ती मी निम्म्या दरात करून देतो, रोख द्या. हे वाक्य ऐकून मला खरोखर राग आला, कारण ते दुसऱ्या फसवणुकीचं आमंत्रण होतं. गुलाबी कॅनवर उणे 50 फॅरनहाइट लिहिलेलं असतं, म्हणजे उणे 45 सेल्सिअसच्या आसपास. त्याआधीच ते घट्ट होऊन त्याचा लगदा होतो हे खरं, पण पाण्यासारखं फुगून पाइप फोडत नाही. तो आकडा पाइप न फुटण्याचाच आहे. आणि मिशिगनच्या नोंदीतलं सर्वांत कमी तापमान उणे 51 फॅरनहाइट, तेही 1934 च्या फेब्रुवारीतलं, उत्तरेला वँडरबिल्टचं. डेट्रॉइटच्या उपनगरात त्याच्या जवळपासचीही थंडी पडत नाही.

नुकसान दोन हजार डॉलरच्या वर गेलं: हीटर, पंप, दोन नळ, टॉयलेटचा व्हॉल्व्ह, कार्पेट. विमा कंपनीने पॉलिसीतलं कलम दाखवलं. गोठण्यामुळे झालेलं नुकसान वगळलेलं आहे. बहुतेक पॉलिसींत आणि वॉरंट्यांत हे वगळलेलंच असतं, आपापली तपासून बघा.

ही फसवणूक चालते ती वेळेच्या जोरावर. ऑक्टोबरात केलेली लबाडी दिसते एप्रिलमध्ये. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असले तरी बिलातल्या चुकीची लेखी तक्रार करायला कायद्याने पहिलं स्टेटमेंट निघाल्यापासून 60 दिवस मिळतात. ते नाताळच्या सुमारास संपतात, तेव्हा गाडी बर्फाखाली असते. झेलने दिलेले पैसे तर आपल्याच हाताने पाठवलेले, ते परत मिळणं महाकठीण. म्हणून जे काही पाहायचं ते त्याच दिवशी, तो माणूस अजून ड्राइव्हवेत उभा असताना पाहायला हवं. कार्डाने पैसे द्या, आणि हे सगळं पाहून झाल्यावरच द्या.

बेसिनमध्ये साचलेला रंग बघून काहीच कळत नाही. पंप चालू ठेवून प्रत्येक नळ आपल्या समोर उघडायला लावा, आधी गरम मग थंड, आणि तोटीतून गुलाबी धार पडताना बघा. शॉवर, टॉयलेटचा फ्लश आणि गाडीच्या बाहेरच्या अंगाला असलेला शॉवरही यात आला, तो हमखास विसरला जातो. धार फिकट असेल तर ती गडद होईपर्यंत सोडायला सांगा. लाइनीतलं उरलेलं पाणी मिसळलं की अँटीफ्रीझ पातळ होतं आणि कॅनवरचा आकडा त्याला लागू राहत नाही. हीटरची काढलेली रॉड हातात मागा आणि फोटो काढा. तुमची टाकी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर तिला रॉड नसतेच, प्लास्टिकचं बूच असतं. अशा गाडीच्या बिलावर कुणी नवी रॉड लावली तर त्याला तिथेच थांबवा. व्हॉल्व्हच्या दांड्यांचा फोटो काढा. कॅन सीलबंद आहेत हे उघडण्याआधी पाहा, आणि त्यावर प्रॉपिलीन ग्लायकॉल लिहिलंय ना तेही वाचा. कारच्या इंजिनात घालायचं इथिलीन ग्लायकॉलवालं अँटीफ्रीझ विषारी असतं, ते या लाइनीत कधीही जाता कामा नये. हवेने लाइन साफ करणार असतील तर कंप्रेसरचा दाब 50 पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका, जोड सुटतात.

आम्ही राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे ग्राहक तक्रार नोंदवली आणि स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, दावा लावला. मिशिगनमध्ये तिथे 7,000 डॉलरपर्यंतचा दावा चालतो, आणि दोन्ही बाजूंना वकील लावता येत नाही, त्यामुळे वकिलाच्या फीला घाबरून गप्प बसायचं कारण नाही. ती जुनी रॉड, तडकलेली वाटी, बिल आणि फोटो एका खोक्यात जपून ठेवले आहेत. तुमचंही असं झालं असेल तर फुटलेला एकही भाग फेकू नका, आणि दुरुस्तीआधी दुसऱ्या मेकॅनिककडून लेखी अहवाल घ्या.

ज्यांनी या ऑक्टोबरात घरी बोलावून काम करून घेतलंय आणि तेव्हा जवळ उभे नव्हते, त्यांनी पहिली कडक थंडी पडण्याआधी हीटरचं बाहेरचं झाकण उघडून तो बोल्ट बघावा, पंपाच्या गाळणीत डोकवावं. पाणी दिसलं तर अजून ते काढून टाकता येईल, आणि कार्डाचे 60 दिवसही संपलेले नसतील.