धमनी-शिरेतील फिस्टुलासाठी कव्हर्ड स्टेंट: वापरानंतरचा अभिप्राय

धमनी आणि शिरा यांच्यामध्ये केशवाहिन्यांचे जाळे असल्यामुळे धमनीतील दाब शिरेपर्यंत पोहोचत नाही. परंतु चाकूच्या वाराने किंवा कॅथेटरसाठी (रक्तवाहिनीत सरकवायच्या बारीक नळीसाठी) टोचलेल्या सुईने शेजारी असलेल्या दोन्ही भिंतींना भोक पडले, तर रक्त हे जाळे टाळून थेट शिरेत शिरते. विल्यम हंटर यांनी १७५७ मध्ये वर्णन केलेला हा फिस्टुला तपासताना त्वचेखाली सतत थरथर जाणवते, आणि तो मोठा असेल तर बोटाने दाबून धरताच नाडी मंदावते. हे भोक बुजवण्यासाठी मी कव्हर्ड स्टेंट वापरतो.

साधा स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत आतून बसवायची, नळीच्या आकाराची नुसती जाळी. तिच्या छिद्रांतून रक्त पूर्वीसारखेच शिरेकडे जात राहते. कव्हर्ड स्टेंटच्या जाळीला पीटीएफई या प्लास्टिकचे अस्तर असते, त्यामुळे धमनीला आतून ठिगळ लागते आणि तिचा मूळ मार्ग खुला राहतो. नितिनॉल या मिश्रधातूचा, स्वतःहून उघडणारा स्टेंट लवचीक असतो. फुग्यावर बसवलेला स्टेंट नेमक्या जागी बसतो, मात्र बाहेरून चेपला गेला तर पुन्हा उघडत नाही.

याचे खरे मोल कळते ते कॉलरबोनमागील सबक्लेव्हियन धमनीत. उघड्या शस्त्रक्रियेने तिथे पोहोचायचे तर कधी हाड कापावे लागते, कधी छाती उघडावी लागते, आणि वाटेत धमनीच्या दाबाने फुगलेल्या शिरा रक्तस्रावासाठी टपलेल्याच असतात. स्टेंटपूर्वी रंगद्रव्य सोडले की पडद्यावर धमनी आणि शिरा जवळजवळ एकाच वेळी भरतात. स्टेंट उघडल्यानंतरच्या चित्रात ती शिरा दिसत नाही आणि हाताकडचा प्रवाह ठळक होतो. इतके लख्ख उत्तर देणारी साधने आमच्या कामात फार नाहीत.

तक्रारीही आहेत. साध्या स्टेंटपेक्षा याला जाड शीथ, म्हणजे स्टेंट आत नेण्याची नळी, लागते. जुन्या फिस्टुलात धमनीच रुंद आणि वेडीवाकडी झालेली असल्याने माप निवडणे कठीण जाते: स्टेंट लहान पडला तर कडेने गळती चालू राहते, फार मोठा घेतला तर अस्तराला घड्या पडतात. शिवाय जवळून निघणाऱ्या फांदीचे तोंड अस्तराखाली बंद होते; सबक्लेव्हियनमध्ये ती फांदी मेंदूकडे जाणारी व्हर्टिब्रल धमनी असू शकते.

जांघेत मी हा स्टेंट शक्यतो टाळतो, कारण तिथे पाय वाकताना तो मोडू शकतो, आणि कॅथेटरनंतरचे अनेक लहान फिस्टुला तसेही आपोआप बंद होतात. जन्मजात एव्हीएममध्ये, म्हणजे धमन्या-शिरांच्या गुंत्यात, तर त्याचा उपयोगच नाही. अनेक धमन्यांनी पोसलेल्या गुंत्याची एक धमनी झाकल्याने गुंता तसाच राहतो, उलट पुढे एम्बोलायझेशनसाठी (आतून वाहिन्या बुजवण्यासाठी) आत शिरण्याची वाट बंद होते.

स्टेंटच्या टोकांशी काही महिन्यांनी अरुंदपणा येऊ शकतो, म्हणून डॉपलर तपासणी (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) मी सोडत नाही. थरथर थांबली की तरुण रुग्ण रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या परस्पर बंद करतात, ही तक्रार मात्र स्टेंटविषयीची नव्हे.