लॅब सप्लायचा निगेटिव्ह: अर्थला जोडावा की मोकळा ठेवावा?

बडोद्याच्या कलाभवनातली, म्हणजे इंजिनीअरिंग कॉलेजातली मुलं प्रोजेक्टसाठी पहिला लॅब सप्लाय (हवं ते डीसी व्होल्टेज देणारी, टेबलावर ठेवायची पेटी) घेतात आणि तीन टर्मिनलपाशी अडतात: लाल प्लस, काळा मायनस, हिरवा अर्थ. काळा-हिरवा जोडणारी छोटी पट्टीही असते. ती ठेवायची की काढायची, हे विचारायला दांडिया बाजारात माझ्या टेबलापाशी कुणी ना कुणी येतंच.

आधी, जिथे निवड नाही ते. हिरवं टर्मिनल सप्लायच्या पेटीला आणि प्लगच्या जाड, लांब पिनेला जोडलेलं असतं. ती लांब असते, कारण प्लग घालताना अर्थ सगळ्यांत आधी लागायला हवा. जुन्या वाड्यात दोन पिनांचाच बोर्ड असेल, तर कृपा करून पिन कापू नका. आतलं इन्सुलेशन गेलं की २३० व्होल्ट थेट पेटीवर येतात. अर्थिंग धड असेल तरच फ्यूज उडतो. आधी इलेक्ट्रिशियन, मग सप्लाय.

आता पट्टी. लावलेली असली की आउटपुट अर्थला बांधलेलं राहतं, इकडेतिकडे तरंगत नाही. एकच सप्लाय आणि एकच ऑडिओ बोर्ड असेल, बाकी काही जोडलेलं नसेल, तर मला हेच आवडतं.

पण टेबलावर स्कोप (ऑसिलोस्कोप, व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) आला की चित्र बदलतं. स्कोपच्या प्रोबची, म्हणजे मोजायच्या वायरची, काळी क्लिपही अर्थलाच जोडलेली असते. मागच्या हिवाळ्यात एका मुलाने पट्टी तशीच ठेवून ती क्लिप १२ व्होल्टच्या प्लसवर लावली. ठिणगी उडाली, व्होल्टेज शून्यावर आलं, करंट लिमिटचा (सप्लायने जास्तीत जास्त किती करंट द्यायचा, त्या मर्यादेचा) लाल दिवा लागला. लिमिट एक अँपिअरवर होती म्हणून प्रोब वाचला. क्लिपच्या दातांवर काळा डाग मात्र राहिला. ±१२ व्होल्टसाठी सप्लायचे दोन चॅनल (स्वतंत्र आउटपुट) सिरीजमध्ये जोडले आणि दोन्ही पट्ट्या लावलेल्या असल्या, तर खालचा चॅनल सरळ शॉर्ट होतो.

म्हणून शिकणाऱ्याने पट्टी काढूनच ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. अर्थ कुठे लागणार हे मग तुम्ही ठरवता: बहुतेक वेळा स्कोपची क्लिप सर्किटच्या कॉमनवर (शून्य व्होल्टच्या तारेवर), तेवढ्या एकाच जागी. डेस्कटॉपला यूएसबीने जोडलेला आर्डुइनो (छोटा प्रोग्रॅमेबल बोर्ड) हाही आपला निगेटिव्ह गुपचूप अर्थला नेतो, तोही मोजणीत धरा.

मोकळं म्हणजे निर्धोक नव्हे. तीस-तीस व्होल्टचे तीन चॅनल सिरीजमध्ये जोडले की नव्वद व्होल्ट होतात, आणि उघड्या क्लिपला हात लागला तर झटका जोरात बसू शकतो. टर्मिनल अर्थपासून किती व्होल्टपर्यंत वर नेता येतं, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, घेतानाच बघा.

जोडताना आउटपुट बंद ठेवा, आधी व्होल्टेज आणि करंट लिमिट लावा. वायर जाड घ्या. पहिल्यांदा चालू करताना लिमिट शंभर मिलिअँपिअरवर ठेवा. लाल दिवा लागला तर लिमिट वाढवू नका, वायर तपासा.