गाभण गाईचे खास खाद्य : गोणीवरचे आश्वासन आणि आतली कांडी

इंदूरच्या छावणी बाजारातील पशुखाद्याच्या दुकानांत 'गाभण गाईसाठी खास' असे छापलेल्या गोण्या हल्ली सर्रास दिसतात. त्यांपैकी एका कंपनीचे कांडीखाद्य आमच्या महूजवळच्या शेतावरील माळवी गाईंना देऊन पाहिले. कंपनीचे नाव देत नाही, कारण थोड्याफार फरकाने हाच मजकूर बहुतेक गोण्यांवर असतो. गोणीवर भरदार वशिंडाच्या वळूचे चित्र आहे आणि त्याखाली, सातव्या महिन्यापासून रोज दोन किलो दिल्यास पैदाशीला योग्य असे धष्टपुष्ट नर वासरू मिळेल, अशी हमी आहे. कळपासाठी घरचाच वळू तयार करण्याचा आमचा विचार असल्यामुळे याच हमीकडे आमचे मुख्य लक्ष होते.

माल म्हणून पाहिले तर तक्रारीला फारशी जागा नाही. कांडी बोटांनी सहज मोडत नाही, पाण्यात टाकल्यावर सावकाश फुगून सुटते आणि तळाशी वाळू उरत नाही. गोणीच्या तळातला चुरा मात्र थोडा कमी असता तर बरे झाले असते. मळीचा वास येतो, पण आंबूस नाही. गाई पहिल्या दिवसापासून आवडीने खातात, आणि माळव्यातल्या गाईला सोयाबीनच्या कुटारावर दिवस काढावे लागत असताना हीही लहान गोष्ट नव्हे. साध्या खाद्यापेक्षा गोणी बरीच महाग पडते, तरी विण्याआधीच्या दोन महिन्यांत गर्भाचे वजन सर्वांत झपाट्याने वाढते, तेव्हा त्या काळापुरता हा खर्च योग्यच आहे. आमच्या गाई विताना अंगाने भरलेल्या होत्या आणि वासरे लवकर उभी राहून प्यायली.

प्रश्न आहे तो वळूच्या हमीचा. दुकानात एक गृहस्थ 'हे दिल्यावर गोऱ्हाच होईल ना?' असे विचारत होते आणि दुकानदार नुसता हसत होता. गोऱ्हा की कालवड हे गर्भधारणेच्या क्षणीच वळूच्या शुक्राणूवरून ठरते, नंतर घातलेल्या खुराकाचा त्याच्याशी संबंध नाही. एवढे सांगायला दुकानदाराचे काय बिघडत होते, कोण जाणे. होणारा गोऱ्हा कसा निपजेल यावर मात्र आईच्या आहाराचा परिणाम निश्चित होतो, फक्त तो गोणीवर लिहिलेल्या वेळेच्या बराच आधी सुरू होतो. स्नायूंच्या तंतूंची संख्या जन्माआधीच, मुख्यतः गर्भारपणाच्या मधल्या महिन्यांत ठरते. जन्मानंतर तंतू जाड होतात, त्यांची संख्या वाढत नाही. वृषणाची घडण तर दुसऱ्या महिन्यातच सुरू होते. वृषणातील सर्टोली पेशी वाढत्या शुक्राणूंना पोसतात आणि एकेक पेशी ठरावीक शुक्राणूंनाच पोसू शकते, त्यामुळे या पेशी जितक्या कमी, तितकी त्या वळूची क्षमता कायमची कमी राहते. गाभण मेंढ्यांना कमी खाऊ घातल्यास त्यांच्या नर कोकरांत जन्मतःच या पेशी कमी आढळतात, हे संशोधनातून दिसून आलेले आहे. वळू निवडताना अंडकोशाचा घेर फितीने मोजतात, तो या क्षमतेचा अंदाज यावा यासाठीच.

आता आपल्याकडचे वेळापत्रक पाहावे. गाय मार्गशीर्ष-पौषात गाभण राहिली तर तिचे मधले महिने नेमके फाल्गुन ते ज्येष्ठात येतात. शेतात हिरवे पान नसते, दूध आटत आलेले असते आणि पोट अजून दिसत नसल्याने घरचे लोक खुराक बंद करतात. हिरव्या चाऱ्याअभावी जीवनसत्त्व अ ची उणीव दीर्घकाळ राहिली तर आंधळी किंवा अशक्त वासरे जन्मतात. म्हणजे जिथे वळूचा पाया घातला जातो, तिथे ही गोणी कोणी उघडतच नाही, कारण तसे कंपनीने सांगितलेलेच नाही. रोज किलोभर खुराक, खनिज मिश्रण आणि थोडी हिरवी वैरण चौथ्या महिन्यापासून चालू ठेवली, तर त्या चित्रातल्या वळूच्या जवळपास जाता येईल. आम्ही पुढच्या वेताला हेच करणार आहोत, मग कांडी याच कंपनीची असो वा दुसऱ्या.

दोन गोष्टी आणखी खटकल्या. 'भरपूर कॅल्शियम' ही जाहिरात संकरित, दुधाळ गाईच्या बाबतीत उलटी पडू शकते, कारण विण्याआधीचे शेवटचे दोन-तीन आठवडे कॅल्शियम बेताने ठेवले तरच तिचे शरीर हाडांतून ते काढून घ्यायला सरावते, एरवी दुग्धज्वराचा, म्हणजे व्याल्यावर रक्तातले कॅल्शियम घटून गाय बसून राहते त्या आजाराचा, धोका वाढतो. शिवाय कपास्या खळी, म्हणजे सरकीची पेंड, किती घातली आहे, याचा गोणीवर पत्ता नाही. त्यातील गॉसिपॉल हे विषारी द्रव्य कोवळ्या गोऱ्ह्यांना बाधते आणि नरांच्या शुक्राणूंवरही परिणाम करते, म्हणून गाईसाठी आणलेली ही कांडी गोऱ्ह्याच्या गव्हाणीत टाकू नये. सर्टोली पेशी जन्मानंतरही काही महिने वाढत असतात, तेव्हा त्याला भरपूर चीक, दूध आणि पुढे वासरांचाच खुराक द्यावा.

पहिलटकरणींना दोन किलोचे प्रमाण डोळे मिटून देऊ नये. नर वासरू मादीपेक्षा वजनाने जास्त भरते, आणि त्यात गाय फार लठ्ठ असली तर विताना अडते. जुन्या गाईंना शेवटच्या दोन महिन्यांसाठी हे खाद्य अवश्य घ्यावे, मात्र पावसाळ्यात गोणीवरची तारीख वाचून आणि शिलाई उघडून, बुरशीचा वास नाही ना हे पाहूनच पैसे द्यावेत.