वाचनालयाची नोंदवही आणि पीएसक्यूएल

फोंड्याजवळच्या आमच्या गावातील वाचनालयाची पुस्तके आणि सभासद यांची नोंद मी तीन वर्षांपासून पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ठेवतो, आणि त्याच्याबरोबरच मिळणारा पीएसक्यूएल हा कमांड लाइन क्लायंट (आज्ञा टाइप करून डेटाबेस हाताळायचा प्रोग्रॅम) जवळजवळ रोज वापरतो. माउसने चालणारी दोन साधनेही मी मधल्या काळात वापरून पाहिली, पण नोंदी दुरुस्त करायची वेळ आली की मला पीएसक्यूएलच लागतो.

त्याचे मुख्य कारण त्याचा प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या जागेआधी दिसणारी खूण, आहे. डेटाबेसच्या नावापुढे => दिसत असेल तर तो नव्या आज्ञेची वाट पाहत असतो; अर्धविराम द्यायचा राहिला तर त्या जागी -> येते, अवतरणचिन्ह उघडे राहिले तर '> येते, आणि ट्रान्झॅक्शन (एकत्रच कायम किंवा रद्द होणाऱ्या बदलांचा गट) सुरू असताना मधोमध एक तारका उमटून =*> असे दिसते. ट्रान्झॅक्शनमध्ये एखादी आज्ञा चुकली की तारकेच्या जागी उद्गारचिन्ह येते आणि रोलबॅक करेपर्यंत, म्हणजे ते बदल मागे घेईपर्यंत, पुढचे काहीही स्वीकारले जात नाही.

या तारकेचे मोल मला गेल्या श्रावणात कळले. जुन्या रजिस्टरातून उतरवताना एका सभासदाचे आडनाव पोर्तुगीज वळणाने नोंदले गेले होते, ते 'नाईक' असे करायचे होते. कोणती ओळ बदलायची हे सांगणारी व्हेअरची अट लिहिण्याआधीच अर्धविराम देऊन मी एन्टर दाबले आणि उत्तर आले, 'अपडेट ६१४'. एका ओळीऐवजी वाचनालयाचे सगळेच सभासद नाईक झाले होते. मात्र सुरुवातीला ट्रान्झॅक्शन उघडणारे बिगिन लिहिलेले असल्यामुळे तारका समोर होती; रोलबॅक लिहिताच सर्वांची आडनावे पूर्ववत झाली. पीएसक्यूएल मुळात प्रत्येक आज्ञा लगेच कायम करतो, त्यामुळे बिगिन आठवणीने लिहावे लागते. त्या दिवसापासून मी सुरुवातीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ऑटोकमिट, म्हणजे हे आपोआप कायम होणे, बंदच करून ठेवले आहे. पावसाळ्यात मध्येच वीज जाऊन सर्व्हरशी जोडणी तुटली तरी कमिट न केलेले बदल सर्व्हर स्वतःच मागे घेतो, म्हणून अर्धवट नोंदींची धास्ती राहत नाही. कमिट करायला विसरलो तर काम पुन्हा करावे लागते, एवढेच.

नव्या पुस्तकांची यादी भरण्यासाठी बॅकस्लॅश लावून दिलेली कॉपी ही आज्ञा फार उपयोगी पडते, कारण ती माझ्या लॅपटॉपवरची फाइल वाचते. बॅकस्लॅशविना दिलेली कॉपी सर्व्हरवरची फाइल शोधते आणि त्यासाठी वेगळे अधिकार लागतात. हा फरक नवख्याला हमखास अडवतो.

उणीव सांगायची तर देवनागरी मजकुराची. काना, मात्रा आणि जोडाक्षरे यांमुळे माझ्या टर्मिनलवर तक्त्याचे रकाने सरळ रेषेत राहत नाहीत, आणि पुस्तकाचे शीर्षक लांब असले तर ओळ तुटून वाचणे त्रासाचे होते. बॅकस्लॅश आणि एक्स दिल्यावर प्रत्येक नोंद उभी, एकाखाली एक रकाना अशी दिसते. मराठी पुस्तकांची यादी मी आता तशीच पाहतो.