छत ज्याचे त्याचे, की बॅटरी सर्वांची? वसाहतीसाठी दोन सौर व्यवस्थांची तुलना

अक्षय ऊर्जेवर चालणारी वसाहत उभी करायची असे एकदा ठरले, की पॅनेल कोणत्या जातीचे आणि बॅटरी कोणत्या रसायनाची, यावर माणसे महिनोन्‌महिने काथ्याकूट करतात. तो सगळा तपशील नंतरचा आहे. त्याच्या आधी एक निर्णय घ्यावा लागतो आणि तो बहुतेकदा न घेताच घेतला जातो: प्रत्येक घराने आपापले छत, आपला इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) आणि आपली बॅटरी घेऊन स्वतंत्र राहायचे, की सर्व छतांवरची वीज एका सामाईक बॅटरीशी जोडून एकाच नियंत्रणाखाली आणायची? आमच्या ४६ घरांच्या वसाहतीने पहिला मार्ग सहा वर्षे चालून पाहिला आणि गेली तीन वर्षे आम्ही दुसऱ्या मार्गावर आहोत. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते एका वसाहतीच्या अनुभवापुरते खरे आहे, हे लक्षात ठेवूनच ते वाचावे.

स्वतंत्र व्यवस्थेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मी मनापासून मान्य करतो. ज्याला परवडेल त्याने आज बसवावी, ज्याला घाई नाही त्याने थांबावे. कोणाच्या बैठकीची, ठरावाची किंवा सहीची वाट पाहावी लागत नाही. बिघाड झाला तर तो एका घरापुरता राहतो. घर विकताना पॅनेल घराबरोबर जाते, हिशेब तिथेच संपतो. शिवाय आपण किती वीज निर्माण केली आणि किती वापरली हे आपल्याच मोबाइलवर दिसत असल्यामुळे माणूस नकळत शहाणा होतो. कपडे धुण्याचे यंत्र दुपारी लावण्याची सवय आमच्याकडे याच काळात लागली, आणि ती कोणी शिकवावी लागली नाही.

सामाईक व्यवस्थेचा मोठा लाभ साध्या निरीक्षणात आहे. सगळी घरे एकाच वेळी कमाल वीज कधीच ओढत नाहीत. एका घरी संध्याकाळी सात वाजता शेगडी आणि गीझर दोन्ही चालू असतात, दुसऱ्या घरचे लोक नऊला परततात, तिसरे कुटुंब आठवडाभर गावाला गेलेले असते आणि त्याची भरलेली बॅटरी कुलपाआड नुसती बसून राहते. प्रत्येकाने आपल्या कमाल गरजेपुरती बॅटरी घेतली असती तर जेवढी एकूण क्षमता लागली असती, तिच्या साधारण निम्म्यात आमचे आजवर भागले आहे. अर्थात हे माझ्या वहीतले गणित आहे, कोणा तज्ज्ञाने केलेले मोजमाप नव्हे. तुमच्या वसाहतीतील माणसांच्या वेळा फारच सारख्या असतील तर हा लाभ बराच कमी भरेल.

एवढ्यावर निर्णय झाला असता तर मी बहुधा स्वतंत्र व्यवस्थेतच राहिलो असतो, कारण बैठकांचा मला मनस्वी कंटाळा आहे. माझे मन फिरले ते दुपारच्या एका त्रासामुळे, आणि हा त्रास विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात कुठेच लिहिलेला नसतो.

आमचे घर वसाहतीच्या वीजवाहिनीच्या शेवटाकडे आहे. पुढे फक्त एकच घर. पहिली दोन वर्षे, म्हणजे मोजक्याच छतांवर पॅनेल होते तोपर्यंत, आमच्या उत्पादनाचा आलेख सकाळपासून संध्याकाळपर्यंत गुळगुळीत टेकडीसारखा असे. पुढे एकेक छत वाढत गेले आणि त्या टेकडीच्या माथ्यावर करवतीचे दात उमटू लागले. ऊन अगदी कडक, आभाळ स्वच्छ, आणि नेमका तेव्हाच इन्व्हर्टर सुटे. काही मिनिटांनी पुन्हा जोडला जाई आणि पुन्हा सुटे. रोहित्राजवळच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या, घराचा आलेख मात्र तसाच गुळगुळीत. लंकेत सोन्याच्या विटा म्हणतात, तशी आमची दुपार झाली होती.

कारण समजायला मला तब्बल एक उन्हाळा लागला. वीज पॅनेलकडून रोहित्राकडे उलटी वाहू लागली, की तारेच्या रोधामुळे वाहिनीच्या टोकाचा दाब (व्होल्टेज) चढतो. जितके अंतर अधिक आणि जितकी छते अधिक, तितकी चढण अधिक. अनेक देशांत २३० व्होल्टच्या घरगुती पुरवठ्याला वर-खाली १० टक्क्यांची मुभा असते, म्हणजे वरची मर्यादा २५३ व्होल्ट. ती ओलांडली की इन्व्हर्टरने बाजूला व्हावे, असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. अडचण एवढीच, की मर्यादा सर्वांत आधी ओलांडली जाते टोकाच्या घरी. वीज सगळे मिळून ढकलतात आणि बंद पडतो तो शेवटचा.

यावरचे सरळ उपाय आम्ही करून पाहिले. वीज वितरण कंपनीला सांगून रोहित्राचा टॅप (बाहेर पडणारा दाब ठरवणारी जोडणी) एक पायरी खाली आणवला, तर दुपार सुधारली. पण संध्याकाळी भार वाढल्यावर टोकाकडचे दिवे मंद होऊ लागले. मग इन्व्हर्टरलाच दाब सांभाळायला सांगावे, असे एकाने सुचवले. इथे थोडा इतिहास कामाचा आहे. अमेरिकेतील आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेचे १५४७ हे मानक २००३ साली आले तेव्हा अशा छोट्या उत्पादकांनी वाहिनीच्या दाबात स्वतःहून हस्तक्षेप करू नये, अशीच त्याची भूमिका होती. २०१८ च्या आवृत्तीने ती बदलली आणि तशी क्षमता इन्व्हर्टरमध्ये असणे आवश्यक ठरवले. म्हणजे जुन्या इन्व्हर्टरकडून ही अपेक्षा ठेवण्यात फारसा अर्थ नाही. नव्या इन्व्हर्टरमध्ये ती सोय असली, तरी घरगुती वाहिन्यांत रोधच वरचढ असल्यामुळे प्रतिघाती शक्तीचा, म्हणजे प्रत्यक्ष काम न करता दाब वर-खाली करायला वापरता येणाऱ्या शक्तीचा, आधार दाब उतरवायला उच्च दाबाच्या वाहिन्यांइतका कामी येत नाही. आमच्याकडे त्याने फरक पडला, पण पुरेसा नाही.

मग प्रत्येकाने बॅटरी घ्यावी म्हणजे दुपारची वीज घरातच मुरेल, असे ठरले आणि आठ-दहा घरांनी ती घेतलीही. या टप्प्यावर माझा स्वतंत्र व्यवस्थेवरचा विश्वास खऱ्या अर्थाने डळमळला. सुटी बॅटरी फक्त आपल्या घराचे हित पाहते. सूर्य उगवला की ती जमेल तेवढ्या वेगाने भरायला लागते, अकरापर्यंत काठोकाठ भरते, आणि ज्या दोन-तीन तासांत वाहिनीला तिची गरज असते तेव्हा तिच्यात थेंबभरही जागा उरलेली नसते. दहा घरांच्या दहा बॅटऱ्या, सगळ्या दुपारी तृप्त, आणि माझा इन्व्हर्टर पुन्हा बंद. उन्हाचा अंदाज पाहून भरणे पुढे ढकलणारी यंत्रणा असते आणि एका शेजाऱ्याने ती बसवूनही पाहिली. परंतु त्यासाठी प्रत्येकाने आपले थोडे नुकसान दुसऱ्यासाठी सोसायचे, आणि ते कोणी किती सोसायचे हे ठरवायला पुन्हा बैठकच घ्यावी लागणार. बैठक टाळण्यासाठी निवडलेला मार्ग फिरून बैठकीतच येत होता.

यातली सर्वांत नकोशी गोष्ट व्होल्टमध्ये मोजता येत नाही. कोणाच्या छतावर पॅनेल चढताना दिसले की मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र मनात माझ्या घटणाऱ्या युनिटांचा हिशेब करू लागलो होतो.

सामाईक व्यवस्थेत आम्ही छतावरचे पॅनेल आणि इन्व्हर्टर तसेच ठेवले, त्यातले फार जुने तेवढे बदलले. मोठी बॅटरी रोहित्राशेजारी जागा असूनही वाहिनीच्या टोकाकडच्या मोकळ्या भूखंडावर बसवली, कारण दाब जिथे चढतो तिथेच वीज शोषली गेली पाहिजे. हा आग्रह धरला नसता तर सगळेच मुसळ केरात गेले असते. सकाळी ती मुद्दाम रिकामी ठेवली जाते, साडेदहानंतर सावकाश भरू लागते. तरीही एखाद्या दिवशी दाब मर्यादेजवळ गेलाच, तर नियंत्रक (सर्व इन्व्हर्टरना आदेश देणारे यंत्र) सर्व छतांचे उत्पादन सारख्या प्रमाणात किंचित कमी करतो. म्हणजे माझे शंभर टक्के बंद होण्याऐवजी सगळ्यांचे थोडे-थोडे कमी होते. गेल्या उन्हाळ्यात माझ्या आलेखावर दात उमटलेले मला दोनदाच दिसले.

या व्यवस्थेचे काटे लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. हिशेब हा पहिला काटा. सामाईक वीज कोणाला किती, हे ठरावीक वाट्याने वाटायचे की दर १५ मिनिटांच्या प्रत्यक्ष वापराप्रमाणे, यावर आमच्याकडे चार बैठका झाल्या आणि एकीत आवाजही चढले. ठरावीक वाटा समजायला सोपा, पण जो दुपारी घरी नसतो त्याची वीज वाया गेल्यासारखी वाटते. वापराप्रमाणे वाटणी अधिक नेमकी, पण ती घरातल्या ज्येष्ठांना समजावून सांगता येत नाही. आम्ही वापराप्रमाणे वाटणी निवडली आणि दर तीन महिन्यांनी एका घराचा हिशेब सर्वांसमोर हाताने करून दाखवतो. दुसरा काटा खासगीपणाचा. दर १५ मिनिटांचे आकडे पाहणाऱ्याला कोणते घर रिकामे आहे हे सहज कळते. तेव्हा कच्चे आकडे कोणाच्या हाती असतील, हे करारात आधीच लिहून घ्यावे. तिसरा काटा एकाच मेंदूवर विसंबण्याचा. एकदा नियंत्रकाचा संपर्क दीड दिवस तुटला आणि सगळे इन्व्हर्टर ठरलेल्या सुरक्षित पातळीवर, म्हणजे बऱ्याच कमी उत्पादनावर, येऊन थांबले. अंधार झाला नाही, तरी चिडचिड झाली. नियंत्रकाची आणि इन्व्हर्टरची भाषा मॉडबससारखी खुली, म्हणजे कोणत्याही कंपनीला वापरता येणारी, नसेल, तर पुरवठादार बदलताना सगळेच बदलावे लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

पुरवठा खंडित झाल्यावर काय होते, याविषयी दोन्हीकडे गैरसमज आहेत. वीजजाळ्याशी जोडलेला साधा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की भर उन्हातही बंद होतो, कारण तारेवर काम करणाऱ्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो. स्वतंत्र घराला हायब्रिड (बाहेरची वीज नसतानाही बॅटरीवर चालू शकणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी घेऊन यातून सुटता येते, आणि या एका बाबतीत तो मार्ग निःसंशय सोपा आहे. पूर्ण वसाहत सुटी करून चालवायची, तर स्वतः दाब आणि वारंवारता धरून ठेवणारा इन्व्हर्टर लागतो, मुख्य जोडणीवर स्वयंचलित खटका लागतो, आणि मुख्य म्हणजे मधल्या तारा वापरण्याची परवानगी लागते. आमच्याकडे ती परवानगी मिळायला वर्ष गेले.

तारांच्या या मालकीमुळेच बाहेरची उदाहरणे वाचताना जपून वाचावे. जर्मनीतील फेल्डहाइम या छोट्या गावाने स्वतःचे वीजजाळे टाकले आणि २०१० पासून ते त्यावर चालते. त्याच देशातील शोनाऊच्या नागरिकांनी चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर सुरू केलेल्या चळवळीतून १९९७ साली गावाचे जाळेच विकत घेऊन ताब्यात आणले. उलट न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २०१६ साली शेजाऱ्यांनी एकमेकांना सौर वीज विकण्याचा जो गाजलेला प्रयोग झाला, त्यात व्यवहार नवा असला तरी वीज जुन्याच तारांतून वाहत होती. डेन्मार्कचे साम्सो बेट वर्षाच्या हिशेबात गरजेपेक्षा अधिक वीज वाऱ्यातून मिळवते, परंतु ते समुद्रातील केबलने मुख्य भूमीशी जोडलेले आहे आणि वारा पडला की तीच केबल कामी येते. स्पेनच्या एल हिएर्रो बेटाला अशी केबल नाही. तिथे २०१४ पासून पवनचक्क्या आणि उंचावरच्या जलाशयात पाणी चढवून साठवण करणारी योजना चालू आहे, तरी डिझेलचे संच निवृत्त झालेले नाहीत. तेव्हा कोणी ‘शंभर टक्के अक्षय’ म्हटले, की ते वर्षाच्या बेरजेत की प्रत्येक तासाला, एवढे विचारावे. आमची वसाहत वर्षाच्या बेरजेतही शंभर टक्क्यांच्या बरीच अलीकडे आहे.

तुमची घरे एकमेकांपासून दूर असतील, किंवा चारापैकी एकाच छतावर पॅनेल येण्याची शक्यता असेल, तर मी स्वतंत्र व्यवस्थाच सुचवीन. तिथे सामाईक नियंत्रणाचा पसारा म्हणजे नाकापेक्षा मोती जड. घरे दाट असतील, वाहिनी एकच असेल आणि निम्म्याहून अधिक लोक पॅनेल घेणारच असतील, तर बैठकांचा त्रास धरूनही माझे झुकते माप सामाईक बॅटरीच्या बाजूने पडते. दोन्हींच्या मधला एक मार्गही आहे: आज स्वतंत्र बसवावे, पण बाहेरून आदेश घेऊ शकणारेच इन्व्हर्टर सर्वांनी घ्यावेत, म्हणजे पुढे जोडून घेता येईल. आम्ही हे सुरुवातीलाच केले असते तर ११ घरांचे इन्व्हर्टर बदलावे लागले नसते.

आणि कोणताही करार करण्याआधी एक काम जरूर करावे. स्वच्छ उन्हाच्या पण थंड अशा कामाच्या दिवशी, घरे रिकामी असताना, बारा ते दोनच्या दरम्यान वाहिनीच्या शेवटच्या घरी जाऊन दाब मोजावा. तो आताच २४५ व्होल्टच्या वर दिसला, तर पुढच्या पाच छतांचा विचार त्या घरात बसूनच करावा.